पगार नसलेल्या घरातली पैशाची पुस्तकं

पैशाच्या पुस्तकांत महिना एक तारखेला सुरू होतो. पगार जमा झाला की थोडा बाजूला काढायचा, उरलेल्यात घर चालवायचं, पुढच्या एक तारखेला पुन्हा तेच. आमच्या रत्नागिरी-पावस पट्ट्यात घर आंब्याच्या बागेवर चालतं, म्हणून पैसा एप्रिलमध्ये दिसायला लागतो आणि मृगाची सर आली की दिसेनासा होतो. बाकीचे महिने पैसा फक्त जातो. बेणणी, खत, फवारण्या, राखणदारांचे पगार, पेट्या, पेंढा, पॅकिंगची माणसं. "मासिक उत्पन्नाच्या वीस टक्के बचत करा" असं कुठे छापलेलं दिसलं की मी विचारते, नोव्हेंबरच्या उत्पन्नाचे वीस टक्के म्हणजे नेमके किती हो?

तरीही मी ही पुस्तकं वाचते, आणि आमच्या बचत गटातल्या बायकांना वाचायलाही देते. लग्नाआधी रत्नागिरीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होते, तेव्हा दुसऱ्याच्या जमाखर्चात डोकं घालायची सवय लागली. लग्न होऊन इकडे आले आणि घरची वही आपोआप माझ्याकडे आली. नवरा बाग बघतो, सासरे कलमांशी बोलतात, मी पट्ट्या, म्हणजे दलालाकडून आलेले विक्रीचे हिशोब, लावते. त्यामुळे गटात कुणाला पैशाबद्दल काही वाचायचं असलं की विचारणा माझ्याकडे होते. आता ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगायला नको.

पुस्तकं बहुतेक मी रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयातून आणते. १८२८ पासूनचं वाचनालय आहे, आणि माझा अनुभव असा की पैशाच्या कपाटापाशी गर्दी कमी असते, कादंबऱ्यांपाशी जास्त. म्हणजे हवं ते पुस्तक बऱ्याचदा मिळतं.

पहिलं पुस्तक बॅबिलॉनचं. जॉर्ज क्लासन यांचं 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन', १९२६ सालचं. मराठीत मिळतं. मुळात या छोट्या गोष्टी होत्या आणि अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्या त्या पत्रकांसारख्या वाटत असत. म्हणजे बँकेने तुम्हाला बचत शिकवली ती स्वतःच्या सोयीसाठीच, हे लक्षात ठेवून वाचायचं. पण गोष्टी चांगल्या आहेत. मिळकतीचा दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी काढा, एवढाच गाभा. आमच्याकडे अडचण अशी की दहावा हिस्सा कशाचा? वाशीच्या घाऊक बाजारातून आलेल्या पट्टीवरचा मोठा आकडा ही मिळकत नव्हे. त्यातून भाडं गेलं, हमाली गेली, हंगामाआधी घेतलेली उचल वळती झाली, औषधाच्या दुकानाची उधारी भागली, की जे उरतं ती मिळकत. बागायतदाराच्या घरात भांडणं होतात ती याच दोन आकड्यांवरून. भावाला पट्टीचा आकडा माहीत असतो, वहिनीला उरलेला.

याच पुस्तकात एक प्रसंग आहे. अर्काद नावाचा तरुण वर्षभराची बचत विटा करणाऱ्याच्या हातात देतो, कारण तो परदेशातून रत्नं आणणार असतो. विटा करणारा फसतो आणि काचेचे तुकडे घेऊन येतो. ही गोष्ट मी गटात वाचून दाखवली तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, "अगो, आमच्या घरात शेअरबाजार रिक्षावाला सांगतो आणि विमा शाळेतले गुरुजी." मग बराच वेळ सगळ्या आपापले विटावाले आठवत बसल्या.

'रिच डॅड पुअर डॅड' प्रत्येक घरात असतंच. १९९७ मध्ये आलेलं रॉबर्ट कियोसाकींचं हे पुस्तक कॉलेजातल्या पोरांना कुणीतरी भेट देतं, आणि देणाऱ्याला पुढच्याच आठवड्यात त्यांना कसल्यातरी साखळी योजनेच्या मीटिंगला न्यायचं असतं. यात पुस्तकाचा दोष किती, हा वाद मी घालत नाही. एक कल्पना मात्र त्यातून घेण्यासारखी आहे. खिशात पैसा घालते ती मालमत्ता, खिशातून काढते ते ओझं. ही फूटपट्टी आमच्या घराला लावायला गेले आणि अडकले. कलमांची बाग ऑक्टोबर ते मार्च खिशातून काढते आणि एप्रिल-मे खिशात घालते. ती मालमत्ता की ओझं, हे दरवर्षी मोहोर ठरवतो. चिरेबंदी घराची डागडुजी तर बारमाही चालू. सासऱ्यांना ही फूटपट्टी समजावली तर ते म्हणाले, "मग त्या हिशोबाने मीसुद्धा ओझंच." त्यावर विषय बदलला. श्रीमंत कसं व्हायचं याची पायरी न् पायरी त्या पुस्तकात शोधू नका, ती तिथे नाही. आणि त्याच लेखकाच्या एका कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, हेही वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

मॉर्गन हाउजेल यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' २०२० चं, मराठीतही आलंय. सुरुवातीलाच व्हरमाँटच्या रोनाल्ड रीडची गोष्ट आहे. पेट्रोल पंपावर आणि साफसफाईच्या कामावर आयुष्य काढलेला हा माणूस २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या नावावर ऐंशी लाख डॉलरच्या वर शिल्लक निघाली. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेत गेला आणि विकायची घाई केली नाही, बस. प्रकरणं लहान आहेत, बसमध्ये एक वाचून होतं. मला ते आवडतं कारण त्यात गणित कमी आणि माणसं जास्त आहेत. पण फक्त तेवढंच वाचून थांबलात तर छान वाटेल, खात्यात काही बदलणार नाही.

बदल झाला तो मोनिका हलन यांच्या 'लेट्स टॉक मनी'मुळे. २०१८ चं पुस्तक. मी इंग्रजीत वाचलं, सोपी इंग्रजी आहे. भारतातले कायदे, भारतातले विमे, भारतातली कुटुंबं. त्या तीन खाती ठेवायला सांगतात. एकात पैसा येतो, दुसऱ्यातून खर्च होतो, तिसऱ्यातून गुंतवला जातो. एवढी साधी गोष्ट, पण आम्ही ती फिरवून घेतली. येणाऱ्या खात्यात मे-जूनमध्ये पट्ट्यांचे आणि कॅनिंगला घातलेल्या आंब्याचे पैसे जमतात. तिथून आधी देणी. मग पुढच्या वर्षीच्या बागेचा खर्च वेगळ्या ठेवीत, म्हणजे सप्टेंबरात खत आणायला कुणाकडे उचल मागायला नको. आणि घरखर्चाचे बारा भाग करून दर महिन्याच्या एक तारखेला एक भाग खर्चाच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला लिहून दिली. थोडक्यात, आम्ही आम्हालाच पगार सुरू केला. नवऱ्याने पहिल्यांदा नाक मुरडलं, "स्वतःच्याच पैशांसाठी एक तारखेची वाट बघायची?" आता तोच तीस तारखेला म्हणतो, उद्या पगार.

या एका व्यवस्थेनंतर बाकीची पुस्तकं मला वाचता यायला लागली. कुठेही 'दर महिना' दिसलं की त्या बारा भागांपैकी एक समजायचं. म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम घालायच्या एसआयपीचंही तसंच. पैसे एकदम कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेवून तिथून दर महिन्याला थोडे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या इक्विटी फंडात सरकवायची सोय असते, एसटीपी म्हणतात तिला. हंगामी पैसा असणाऱ्याला ती जास्त सोयीची, पण पगारदारांसाठी लिहिलेल्या लेखांत तिच्यावर जेमतेम एक परिच्छेद असतो.

काही सल्ले मात्र कितीही फिरवले तरी आपल्याला बसत नाहीत. पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, पाच एप्रिलच्या आत वर्षाचे पैसे भरा, हा सल्ला बरोबर आहे, कारण महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. पण पाच एप्रिलला आमच्या खात्यात पैसे नसतात, झाडावर असतात. आम्ही जूनच्या पाच तारखेच्या आत भरतो आणि दोन महिन्यांच्या व्याजावर पाणी सोडतो. तसंच गुंतवणुकीवर करसवलत देणाऱ्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ८०सी वरची पानंच्या पानं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. ज्यांच्या घरी फक्त आंबा-काजू आहे त्यांनी कर वाचवण्यासाठी म्हणून कुठलीही पॉलिसी घ्यायचं कारण नाही, तरी मार्च महिन्यात एजंट याच वाक्याने दारात येतो. नवरा नोकरीत असेल, घरी पर्यटकांना खोल्या देत असाल किंवा कोकमाचं सरबत बाटलीत भरून विकत असाल तर हिशोब वेगळा. ते उत्पन्न शेतीचं धरलं जाईलच असं नाही, आणि दुसरं करपात्र उत्पन्न असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडाही बघितला जातो. त्यासाठी सल्लागाराची फी भरा. मी तिथे काम केलंय, फी वसूल होते.

कर्जाबद्दलही तेच. 'आधी सगळं कर्ज फेडा' हे वाक्य क्रेडिट कार्डवाल्यांसाठी आहे. किसान क्रेडिट कार्डचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांचं, आणि वेळेत फेडलं तर तीन टक्क्यांची सवलत मिळून चार टक्क्यांना पडतं. त्यापेक्षा ठेवीला व्याज जास्त मिळतं. म्हणजे मुदतीच्या कितीतरी आधी धावत जाऊन फेडण्यात हशील नाही, पण मुदतीची तारीख चुकवलीत तर सवलत गेली. आमच्या कॅलेंडरवर गणपतीच्या खालोखाल ठळक अक्षरात ती तारीख आहे.

अडीअडचणीची शिल्लक किती ठेवावी? पुस्तकं म्हणतात तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी. २०२० मध्ये हंगाम सुरू होतानाच लॉकडाउन लागला, ३ जूनला निसर्ग वादळ रायगडात धडकलं आणि दापोली-मंडणगडकडच्या बागा उन्मळून पडल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते आलं, ऐन काढणीत. लागोपाठ दोन हंगाम. इथे सहा महिन्यांच्या शिलकीने काय होणार? आम्ही धरलेला आकडा असा आहे : एक अख्खं वर्ष घर आणि एका वर्षाची बाग. एवढी शिल्लक लगेच होत नाही. आंबा चांगला आला त्या वर्षी त्यात जास्त घालायचं आणि नवीन गाडीचा विषय पुढे ढकलायचा. शिवाय फळपीक विमा, वर्षाला २० रुपयांची अपघात विम्याची सुरक्षा योजना आणि ४३६ रुपयांची आयुर्विम्याची जीवनज्योती. शेवटच्या दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं. एवढ्यावर भागत नाही, पण गटातल्या निम्म्याअधिक बायकांकडे तेही नव्हतं.

बेंजामिन ग्रॅहम यांचं १९४९ चं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' मी पूर्ण वाचलेलं नाही, जाड आहे आणि मधे मधे जुन्या अमेरिकन कंपन्यांचे तक्ते आहेत. आठवं प्रकरण मात्र वाचलंच पाहिजे. त्यात 'मिस्टर मार्केट' नावाचा लहरी भागीदार रोज दारात येऊन नवा भाव सांगतो. एक दिवस खुळ्यासारखा जास्त, एक दिवस खुळ्यासारखा कमी. ग्रॅहम सांगतात, पटला तर व्यवहार करा, नाहीतर जाऊ दे त्याला. वाचताना मला वाशीच आठवली. रोज रात्री दलालाचा फोन, आज पेटी इतक्याला गेली. पण आंब्याच्या बाबतीत त्याला जाऊ दे म्हणता येत नाही. फळ अढीत पिकायला लागलं की भाव पडलेला असो नाहीतर चढलेला, विकावंच लागतं. पिढ्यान् पिढ्या आम्ही घाईने विकायला शिकलोय, आणि तीच सवय घेऊन शेअरबाजारात जातो. बाजार आपटला की आमच्याकडचा माणूस आंबा सडेल या भीतीने फंड विकतो. फंड सडत नाही. हे वाक्य मी नवऱ्याच्या कपाटावर चिकटवलंय, आणि मार्च २०२० ची घसरण मनात आणून ते मीही वाचते.

आता फुकटातलं. इंटरनेटवर पैशाचं शिक्षण इतकं आहे की काय वाचू नये हेच सांगावं लागतं. मी एक प्रश्न विचारते : हा माणूस शेवटी काय विकतोय? रिझर्व्ह बँक तुम्हाला काही विकत नाही. तिच्या वित्तीय साक्षरतेच्या पुस्तिका मराठीत आहेत, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट. 'राजू अँड द फोर्टी थीव्हज' ही तिची पुस्तिका फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टीरूपात सांगते. केवायसीच्या नावाने आलेला फोन, क्यूआर कोड स्कॅन करून पैसे 'मिळतील' असं सांगणारा ग्राहक, असं सगळं. होमस्टेवाल्यांना हा क्यूआरवाला 'ग्राहक' दिवाळीच्या सुट्टीत हमखास फोन करतो, खोली बुक करायची म्हणून. पैसे मिळायला पिन टाकावा लागत नाही, हे एकच वाक्य मी गटात पाठ करून घेतलं.

शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची गुंतवणूकदारांसाठी वेबसाइट आहे आणि 'सारथी' नावाचं ॲप आहे. सेबीनेच स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था तर आपल्या रायगडात, रसायनीजवळ पाताळगंगेला आहे. सामान्य गुंतवणूकदारांसाठी ती एक परीक्षा घेते, फी नाही. अभ्यासाचं पुस्तकही वेबसाइटवर फुकट आहे. परीक्षा दिली नाहीत तरी ते पुस्तक उतरवून घ्या. झेरोधाच्या 'वर्सिटी'वर पर्सनल फायनान्सचा विभाग आहे, उदाहरणं आकड्यांसकट. ते ब्रोकर आहेत, हे लक्षात ठेवा, पण लिखाण प्रामाणिक आहे. म्युच्युअल फंडांच्या संघटनेची 'सही है' वाली साइट मराठीत आहे, प्राथमिक शंकांना पुरते. निवृत्तीची गणितं करायची असतील तर 'फ्रीफिनकॅल'. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक पट्टाभिरामन ती चालवतात, एक्सेलचे तयार तक्ते फुकट देतात. साइट दिसायला रुक्ष आहे, तेच मला आवडतं. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांनी रचना रानडे यांचे मराठी व्हिडिओ बघावेत. आणि सोमवारच्या लोकसत्तातलं 'अर्थवृत्तान्त' पान, ते आमच्याकडे आंब्याच्या पेटीत जाण्याआधी मी काढून घेते.

टेलिग्रामवरचे गुरू मात्र लांब ठेवा. माझा धाकटा दीर ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, काहीतरी 'करत' होता. मी त्याला भाषण दिलं नाही, सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल काढून दिला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या किरकोळ व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. भावजींनी वाचून फोन उलटा ठेवला. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागायचा. सल्लागाराचा 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो सेबीच्या साइटवर पडताळता येतो. क्रमांक मागितल्यावर जो रागावतो त्याच्याबद्दल वेगळं काही शोधायची गरज नाही.

सगळ्यात जास्त वेळ गटात गेला तो पतसंस्थेवर. कोकणात बँकेपेक्षा पतसंस्था जवळची. संचालक आपल्या वाडीतले, लग्नाला येणारे, आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त. सासूबाईंची ठेवही तिथेच. त्यांना वाटायचं, ठेवीला सरकारी विमा असतोच. असतो, पण बँकेतल्या. डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत आहे. त्यात व्यापारी बँका येतात, नागरी सहकारी बँका येतात, जिल्हा बँकाही येतात. पतसंस्था येत नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असं अजिबात नाही, चांगल्या चाललेल्या मी जवळून पाहिल्यात. पण अर्धा टक्का जास्त कशाबद्दल मिळतोय, हे ठेवणाऱ्याला कळायला हवं. सासूबाईंनी मोडली नाही, अर्धी ठेव बँकेत हलवली. अध्यक्ष नात्यातले पडतात, सगळी काढली तर बरं दिसलं नसतं. हेही कुठल्या पुस्तकात नसतं.

याला जोडूनच ७२ चा नियम शिकवला. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसा किती वर्षांत दुप्पट होतो ते साधारण कळतं. पीपीएफच्या ७.१ टक्क्यांना दहा वर्षं. मग तीन वर्षांत दामदुप्पट देणारा किती टक्के देतोय? चोवीस. एवढा भागाकार आल्यावर बायकांचे चेहरे बदलले, कारण तशी पत्रकं एकीच्या घरी होती. अशा योजना कळवायला रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल आहे, आणि एखाद्या कंपनीला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, तेही तिथे बघता येतं.

एवढं सगळं सांगून झालं तरी शेवटी विचारतातच, पहिलं कुठलं घेऊ? इंग्रजी वाचता येत असेल तर हलन. नसेल तर बॅबिलॉन आणि रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिका. आणि एप्रिल-मेमध्ये पुस्तक उघडू नका, त्या दिवसांत आमच्याकडे जेवायलाही कुणी बसत नाही. जूनच्या शेवटी पट्ट्या पूर्ण होतात, पैसा खात्यात असतो, आणि पावसात बागेत जाऊन करण्यासारखं फारसं नसतं. तेव्हा वाचा. गणपतीच्या आत काय ते ठरवून पैसे ठेवीत घालून मोकळे व्हा. नंतर चाकरमानी येतात, मखर येतं, भजनाच्या डबलबारीची वर्गणी येते, आणि खात्यात मोकळा दिसणारा पैसा सगळ्यांनाच आपला वाटतो.